इंजिनाचं नाक

चेक इंजिनचा तो पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा, खोटं कशाला सांगा, अमांक्वाटिया मास्तरांना जरा आनंदच झाला. मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला आपणहून प्रश्न विचारायला कोणी येत नाही. मुली विचारतात ते एवढंच, की हे परीक्षेला आहे का. आणि इथे घानातल्या कुमासी शहरातल्या त्यांच्या बिऱ्हाडांच्या चौकातली झाडून सगळी माणसं हातातली कामं टाकून गाडीभोवती जमली होती आणि विचारत होती, "मास्तर, हा दिवा कसला?"

गाडी जपानहून जुनी होऊन आली होती आणि इथे येऊन आणखी जुनी झाली होती. बॉनेटचा खटका कधीच गेलेला असल्यामुळे ते नायलॉनच्या दोरीने बांधलेलं असे. मास्तरांनी ती दोरी एखाद्या समारंभाची फीत सोडावी तशी सोडली, हातात खडूसारखा स्क्रू-ड्रायव्हर धरला आणि घसा साफ केला.

"इंजिन म्हणजे काय? आपल्यासारखाच एक जीव. खातो, पितो, श्वास घेतो. ही नळी बघा. इथून हवा आत जाते. हे इंजिनाचं नाक. आणि हा काळा डबा म्हणजे नाकामागची पोकळी. नाक साफ असलं की इंजिन खूश. नाक चोंदलं की ते गुदमरतं, आणि मग त्याचा मेंदू हा दिवा लावतो."

"म्हणजे सर्दी झालीय त्याला," मामे पोकुवा म्हणाल्या. मामे म्हणजे आई; ह्या मास्तरांच्या सासूबाई. लेकीकडे आठवडाभरासाठी म्हणून आल्या होत्या, त्याला आता बरेच पावसाळे लोटले होते.

"मामे, यंत्राला सर्दी होत नसते."

"नाक आहे म्हणालात ना, जावईबापू?"

"ते उदाहरण होतं."

"उदाहरणाला नाक असतं, तर सर्दी का नको?"

मास्तर हसले. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडे पाहून ते जसं हसत, तसं. सांगायची गोष्ट अशी, की तो काळा डबा मास्तरांनी तेव्हाही उघडला नाही आणि पुढेही उघडला नाही. ज्याच्यावर व्याख्यान देता येतं ते उघडून कशाला बघायचं, अशी एकंदर शिक्षण खात्याचीच पद्धत आहे.

मग सल्ले सुरू झाले. चौकाच्या तोंडाशी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या आंटी डेडे म्हणाल्या, पेट्रोलात पाणी आहे. मास्तरांची बायको अफ्रिये बँकेत कामाला. ती म्हणाली, "दिवा विझवायचा उपाय मला ठाऊक आहे. गाडी विकून टाका." आणि वोफा टाची आपल्या खुर्चीतून म्हणाले, "मास्तर, त्याच्यावर एक चिकटपट्टी लाव. माझा गुडघा वाजतो तेव्हा मी रेडिओ मोठा करतो. फार गुण येतो."

वोफा म्हणजे मामा. टाची हे सगळ्या चौकाचे मामा होते. पोस्टातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलं परदेशात. संध्याकाळी ते दारात खुर्ची टाकून बसत. समोर सोंगट्यांचा पट मांडलेला, भोवती पोरं. पोरांना ते जुन्या पाकिटांवरची परदेशी तिकिटं वाटत आणि मास्तरांना खेळात हरवत. हा हरण्याचा कार्यक्रम रोजचा होता आणि दोघांनाही त्याची सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर गाडी घेऊन फिटर बोन्सूकडे गेले. बोन्सूच्या शर्टाच्या पाठीवर 'इंजिनांचा प्रोफेसर' असं छापलेलं होतं, त्यामुळे मास्तरांना तो पहिल्यापासून आवडत नसे. बोन्सूने इंजिनाला कान लावला, डोळे मिटले, एक प्लग बदलला, बॅटरीची वायर काढली, जेवून आला आणि वायर परत जोडली. दिवा गेला.

"काय होतं?" मास्तरांनी विचारलं.

"होतं ते गेलं," बोन्सू म्हणाला. "गेलेल्याची चौकशी करू नये, मास्तर."

बॅटरी काढली की मेंदूची आठवण तेवढी पुसली जाते, आजार नाही, हे मास्तरांना कळायला हवं होतं. पण विझलेला दिवा बघितला की शहाण्या माणसाचीही बुद्धी सुट्टीवर जाते. मास्तर शीळ घालत घरी आले, आणि तिथेच सगळा घात झाला. कारण मामे पोकुवांनी दिवा विझावा म्हणून नवस बोलला होता आणि त्या नवसात जावयाची साक्ष, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभं राहून देवाची करणी सांगणं, कबूल करून ठेवली होती.

रविवारी चर्चमध्ये पास्टरनी विचारलं, "आज कोणाची साक्ष आहे?" मामेंचं कोपर मास्तरांच्या बरगडीत शिरलं. मास्तर उठले ते फक्त दोन वाक्यं बोलायची ठरवून.

"माझ्या गाडीत एक दिवा लागला होता," ते माईकवर म्हणाले. "देवाच्या कृपेने तो विझला."

"हालेलुया!" सगळी सभा गरजली. ड्रमवाल्याने ड्रम बडवला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पांढरे रुमाल हवेत फिरवले.

आता बघा, हा माणूस उभा जन्म न्यूटनचे नियम सांगत आला होता. ते ऐकून कोणी साधी टाळी वाजवली नव्हती, रुमाल तर सोडाच. मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि तिथून त्यांना आपलाच आवाज फार गोड वाटू लागला.

"बंधुभगिनींनो, तो दिवा साधा नव्हता!"

"नव्हता!" सभा म्हणाली.

"माझ्या गाडीवर कोणाची तरी नजर होती!"

"येशू!" सभा कळवळली.

"गाडी घरी आली त्याच दिवशी आमच्याच चौकात एक जण म्हणाला होता, 'मास्तर, शिक्षकाच्या पगारात ही जगेल का?'"

मास्तरांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. अर्धा चौक त्याच चर्चमध्ये बसला होता आणि ते वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं होतं. माना वळल्या. मागून तिसऱ्या बाकावर वोफा टाची हातात पंखा धरून बसले होते. पंखा थांबला. मास्तरांचा नजरबिजरेवर काडीचा विश्वास नव्हता. वर्गात ते त्याला 'अडाणीपणाचा नमुना' म्हणत. पण टाळ्यांचा नवा कडकडाट झाला आणि त्या कडकडाटात वोफा खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत बसल्याचं मास्तरांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

चर्चमधून निघून गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि दिवा पुन्हा लागला.

शेजारी बसलेल्या अफ्रियेने दिव्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. पाठीमागे मामे पोकुवा विजयगीत गुणगुणत होत्या.

आता करायचं काय? दिवा लागलाय हे सांगावं, तर साक्ष खोटी ठरते आणि पास्टरांचीही शोभा होते. नजर अजून उतरली नाही म्हणावं, तर टाचींवर आणखी बालंट येतं. राहता राहिलं खरं बोलणं, म्हणजे टाळ्यांच्या नादात आपली जीभ घसरली हे कबूल करणं. ते तर शक्यच नव्हतं. मग मास्तरांनी घरातल्या औषधांच्या डब्यातून जखमेवरची पट्टी काढली आणि दिव्यावर चिकटवली. हा सल्ला मुळात कोणाचा होता हे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पट्टी त्यांनी काढली नाही.

चौकात मात्र पट्टी लावून झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. वोफा नळावर गेले की आंटी डेडे केंकेच्या पातेल्यावर झाकण ठेवत. आधी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे दोन केंके आणि तळलेला मासा धाडणारी हीच बाई. पोरं तिकिटं मागायला धावली की आतून आया हाका मारत, "ए, इकडे ये आधी! कुठे चाललास?" कोणी वोफांना तोंडावर काही बोललं नाही. बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. काही दिवसांनी वोफांनी दारातली खुर्ची आत नेली. सोंगट्यांचा पट भिंतीला उलटा टेकवून ठेवला.

हे सगळं मास्तर खिडकीतून बघत होते. संध्याकाळी हरायला जायचं ठिकाण नाही म्हणून ते उगाच वह्या तपासत. वह्यांत चुका दिसत, पण लाल पेन चालेना. उठावं, चौक ओलांडावा, दार वाजवावं, इतकं सोपं होतं ते. रोज ते उठत आणि पाणी पिऊन परत बसत.

गाडी इकडे दिवसेंदिवस खचत चालली. चढावर धापा टाकायची, सिग्नलला बंद पडायची. बोन्सूने आपल्या एका मित्राचा कॉम्प्युटर आणून लावला. कॉम्प्युटर म्हणाला, हवा मोजणाऱ्या तारेत दोष आहे. बोन्सूने ती तार बदलली, म्हणजे दुसऱ्या एका मेलेल्या गाडीतली काढून ह्या गाडीत घातली. दिवा गेला आणि आठवडा संपायच्या आत परत आला. "तार पण तशीच निघाली," बोन्सू म्हणाला. "जमाना खराब आहे, मास्तर."

शनिवारी अफ्रियेच्या चुलत्यांची अंत्ययात्रा होती, म्हणजे इथल्या रीतीप्रमाणे मंडप आणि जेवणावळ. काळ्या-लाल कपड्यांतली घरातली माणसं गाडीत कोंबून मास्तर निघाले. मंडप नजरेच्या टप्प्यात आला आणि गाडीने मान टाकली. नात्यातल्या बायकांनी शोकाची कापडं खोचून गाडी ढकलली. मास्तर स्टिअरिंग धरून आत बसले होते आणि जावयासारखा जावई असून ढकलत आणावा लागतो, असं बाहेर कोणी तरी म्हटलेलं त्यांनी ऐकलं. गाडी कशीबशी परत चालू झाली, काळा धूर सोडत मंडपाशी लागली, आणि मंडपातल्या माणसांच्या नाकपुड्या हलायला लागल्या.

"केळ्यांची भजी कुठे तळतायत?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"जेवणाला अवकाश आहे, आजोबा."

"मग हा वास कसला?"

वास मास्तरांच्या बॉनेटमधून येत होता. दोन पोरं रिकाम्या ताटल्या घेऊन गाडीपाशी येऊन उभीसुद्धा राहिली. मास्तरांनी काचा वर केल्या आणि घामाने निथळत आत बसून राहिले. चुलत्यांसाठी त्या दिवशी फारसं कोणी रडलं नाही, कारण ज्याला त्याला मास्तरांची गाडी बघून हसू दाबण्याची पंचाईत पडली होती.

अशा अवस्थेत गाडीच्या वार्षिक तपासणीची तारीख आली. तपासणीच्या ऑफिसात मास्तरांना सकाळी ह्या खिडकीतून त्या खिडकीत पाठवलं, दुपारी त्या खिडकीतून ह्या खिडकीत आणलं, आणि अखेर पावती हातात घेऊन ते गाडीपाशी उभे राहिले तेव्हा निळ्या गणवेशातली इन्स्पेक्टर बाई त्यांच्याकडे बघून ताठ उभी राहिली.

"सर! मी झेनाबू. शेवटचा बाक."

मास्तरांना हायसं वाटलं. ओळख निघाली म्हणजे काम झालं. झेनाबू गाडीत बसली, किल्ली फिरवली आणि तिची नजर एका जागी खिळली.

"सर, ह्याला काय लागलंय?"

"कशाला?"

"मीटरला. पट्टी बांधलीय."

झेनाबूने पट्टीचं टोक नखाने हलकेच उचललं. खालून पिवळा उजेड बाहेर आला.

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, आणि तिने हळू आवाज काढला हेच मास्तरांना जास्त लागलं, "तुम्हीच शिकवलंत ना, यंत्राने दाखवलेलं आवडलं नाही म्हणून यंत्र झाकायचं नाही. माझ्या वहीत तुम्ही लाल शाईने लिहिलं होतं. मी थर्मामीटरचे आकडे खोटे लिहिले होते तेव्हा."

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. मास्तरांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं, निदान ऑफिसच्या पार्किंगने तरी घ्यावं. "बॉनेट उघडता का, सर?" झेनाबू म्हणाली. मास्तरांनी दोरी सोडली. तळणाचा वास भपकन अंगावर आला. त्यांनी नळीत बोट घातलं. बोट तेलकट निघालं. मग पहिल्यांदाच, अगदी पहिल्यांदाच, त्यांनी त्या काळ्या डब्याच्या पकडी काढून झाकण उचललं. आतला फिल्टर तेलात बुडालेल्या वड्यासारखा टपटपत होता.

पुढचं सांगायला मास्तरांना ना बोन्सू लागला, ना कॉम्प्युटर. हवेबरोबर तेल आत जातं, हवा मोजणाऱ्या तापलेल्या तारेवर त्याचा थर बसतो, तार आंधळी होते, मेंदू दिवा लावतो. पहिला दिवा नुसत्या धुळीने लागला असेल, पण नंतरचा प्रत्येक तेलाचा. तार शंभर वेळा बदला, दिवा शंभर वेळा लागेल. शाळेतल्या पोरीलाही कळेल असं होतं. फक्त एकच कोडं राहिलं, इंजिनाच्या नाकात तेल ओततं कोण?

ते कोडं घराच्या उंबऱ्यातच सुटलं. "मी," मामे पोकुवा म्हणाल्या. आवाजात शरम तर नाहीच, उलट मानपत्र घ्यायला आल्याची तयारी होती. "रोज पहाटे. पास्टरनी प्रार्थना करून दिलेलं अभिषेकाचं तेल. लहान मुलाचं नाक चोंदलं की आपण दोन थेंब सोडतो की नाही? तुम्हीच दाखवलंत, नाक इथे आहे म्हणून."

"मामे, ते उदाहरण..."

"आणि गुण येत होता! दिवा मध्ये मध्ये विझायचा, पट्टीखाली डोकावून बघायचे मी!"

मास्तरांनी आधारासाठी बायकोकडे बघितलं. अफ्रिये डोक्याच्या रुमालाच्या टोकाशी खेळत होती. बँकेत लोकांची कर्जं बिनदिक्कत नाकारणारी बाई. "मी पण," ती पुटपुटली. "रोज नाही काही. तुमची शाळेची तपासणी होती तेव्हा. आणि अंत्ययात्रेच्या आदल्या दिवशी जरा जास्त."

मास्तर खुर्चीत बसले. हसावं की रडावं कळेना. आयुष्यात त्यांचा एकच धडा विद्यार्थ्यांच्या डोक्यात पक्का बसला होता आणि त्याने गाडीचा जीव घेतला होता. पण मग त्यांच्या मनात तो विचार आला, जो इतके दिवस ते पाणी पिऊन ढकलत होते. नजर नव्हती. कोणाचीच नव्हती. घरातलं तेल होतं, आणि त्यापायी एक म्हातारा माणूस दार लावून आत बसला होता.

"मला वोफांकडे जायचंय," ते म्हणाले.

"एकट्याने?" मामे ताडकन उठल्या. "माफी मागायला कोणी एकट्याने जातं? आई मेलीय का तुमची? मी येते. मी बोलेन, तुम्ही मान खाली घालून उभे राहा. ते तुम्हाला जमेल."

चौक ओलांडून ते गेले. वोफांनी दार उघडलं, काही न बोलता दोन खुर्च्या पुढे केल्या आणि पाण्याचे पेले आणून दिले. रीत म्हणजे रीत. पाहुणा पाणी प्यायला की यजमान प्रवासाची चौकशी करतो आणि येण्याचं कारण विचारतो, मग पाहुणा गावाहून आलेला असो की समोरच्या खोलीतून.

"प्रवास कसा झाला?" वोफांनी विचारलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

मामे पोकुवांनी खांद्यावरचं कापड सावरलं. "वाटेत नळ लागला. त्याच्यापुढे तुमचं दार. वाट सुखाची होती, पण लांब पडली. ह्या माणसाला इतके दिवस ती चालता आली नाही."

"गावाकडे सगळं ठीक?"

"ठीक नाही, वोफा. आमच्या गावच्या एका माणसाने भर सभेत तुमच्या नावाला काळं फासलं. नजर नव्हती. तेल होतं. माझं आणि माझ्या लेकीचं. आम्ही त्याच्यासाठी तुमच्या पाया पडायला आलोय."

मास्तरांनी मान खाली घातली होती. ते खरंच जमत होतं. "वोफा," ते म्हणाले, आणि मामेंनी डोळे वटारूनही थांबले नाहीत, "मला माहीत होतं. मी बोललो तेव्हाच माहीत होतं की हे खोटं आहे. लोक टाळ्या वाजवत होते म्हणून बोललो."

वोफा उठून आत गेले आणि स्वयंपाकघरातली एक मोठी बाटली घेऊन आले. शेंगदाणा तेलाची. तळाशी थोडंसंच उरलं होतं. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे न बघता ते बोलायला लागले.

"अभिषेकाचं तेल मी मागू शकत नव्हतो. पास्टरकडे गेलो असतो तर म्हणाले असते, आता कशाला आलास. म्हणून भज्यांचं घेतलं. प्रार्थना माझी मीच केली. मला काय येतं, पोस्टातला माणूस मी. काचेतून तुझी पट्टी दिसली तेव्हाच कळलं, दिवा परत लागलाय. म्हटलं, देवा, मास्तरचा दिवा विझव. तो विझला की पोरं तिकिटं मागायला येतील." ते थांबले. "मामे पहाटे यायच्या. त्या गेल्या की मी जायचो. ह्यावर माझा विश्वास नाही, मास्तर. कधीच नव्हता. पण संध्याकाळ फार मोठी व्हायला लागली होती."

मास्तरांना वर बघवेना.

"हे बाहेर बोलू नका," वोफा म्हणाले. "म्हातारा भज्यांचं तेल घेऊन गाडीच्या नाकात ओतत होता म्हणून पोरं हसतील."

"नाही बोलणार. वोफा, माफ करा मला."

"इथे?" वोफांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं. "इथे मला कोणी काही म्हणालं नव्हतं, मास्तर. जिथे बोललास तिथे माग."

पुढच्या रविवारी पास्टरनी साक्ष विचारली तेव्हा कोणाचं कोपर लागण्याआधीच मास्तर उठले. माईकपर्यंतची वाट त्यांना मागच्या खेपेपेक्षा फार लांब वाटली. ड्रमवाल्याने काठ्या उचलून तयारी केली.

"मागच्या वेळी मी इथे खोटं बोललो," मास्तर म्हणाले.

ड्रमवाल्याच्या काठ्या तशाच वर राहिल्या.

"दिवा विझला नव्हता. फिटरने बॅटरी काढून लावली होती. चर्चमधून घरी जाता जाता तो परत लागला आणि मी त्याच्यावर जखमेची पट्टी लावली. गाडीवर कोणाची नजर नव्हती. आमच्याच घरातून इंजिनात तेल जात होतं, आणि तेल कुठे घालायचं हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. वोफा टाचींनी माझं काही वाईट चिंतलं नाही. शिक्षकाच्या पगारात गाडी जगेल का, असं त्यांनी विचारलं होतं. ती जगत नाहीये. त्यांचा प्रश्न बरोबर होता. मी त्यांची माफी मागतो."

कोणी हालेलुया म्हणालं नाही. मास्तरांनी मनाची तयारी केली होती ती हशाची. हसले असते तर बरं झालं असतं. पण आंटी डेडे मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. ज्या आया पोरांना आत बोलावत होत्या, त्या आता बायबलची पानं उगाच उलटत होत्या. मास्तर माईक हातात धरून उभे होते आणि तो कुठे ठेवायचा हे त्यांना आठवत नव्हतं.

तेवढ्यात मागे तिसऱ्या बाकावर कोणीतरी खाकरलं. वोफा टाची उभे राहिले होते.

"मास्तरांनी पुरतं सांगितलं नाही," ते म्हणाले. पोस्टाच्या खिडकीत नाव पुकारण्याचा आवाज होता तो, त्याला माईक लागत नव्हता. "त्यात माझंही तेल होतं. शेंगदाण्याचं. रोज पहाटे. अंत्ययात्रेला तो जो भज्यांचा वास सुटला होता ना, तो माझा."

अंत्ययात्रेला आलेला कोणीतरी फसकन हसला, मग पुढच्या बायका, मग ड्रमवाला, आणि मग सगळं चर्च डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटलं. पास्टरांनी व्यासपीठाला धरून ठेवलं होतं. मास्तर हसले नाहीत. त्यांचे कान तापले होते. लपवून ठेवायचा शब्द त्यांनी दिला होता आणि तो पाळलाही होता. म्हाताऱ्याने स्वतःच ते चारचौघांत उघडं केलं होतं, कशासाठी ते मास्तरांना नीट कळत होतं, आणि ते कळणंच सोसवत नव्हतं. ते खाली उतरले आणि कोणाकडे न बघता पुढच्या बाकावर आपल्या जागी येऊन बसले.

हसण्याच्या त्या गदारोळात पंखा हलवत, गुडघा सांभाळत वोफा मधल्या वाटेने पुढे आले. मास्तरांच्या बाकापाशी थांबले.

"सरक जरा," ते म्हणाले.

मास्तर सरकले.